मुलीची शाळा गावातच हवी : बांगलादेशच्या खेड्यांचा अनुभव

पाचवी-सातवीनंतर मुलीची शाळा का सुटते? कारणे घरोघरी सारखीच ऐकू येतात. पुढची शाळा लांब आहे, वाटेवर सोबत नाही, घरात धाकटी भावंडे आहेत, हातात पैसा नाही. मुलगी घरी बसली की स्थळे येऊ लागतात. वय वाढले तर हुंडाही वाढेल, या भीतीने आईवडील होकार देऊन टाकतात. बांगलादेशच्या खेड्यांत वर्षानुवर्षे हेच चालत आले. तिथे त्यावर काय उपाय झाले, त्याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

एका खोलीची शाळा

फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ‘ब्रॅक’ ही संस्था सुरू केली. तिच्या साक्षरता वर्गाला येणाऱ्या गरीब बायांनी विचारले, आमच्या मुलांचे काय? त्यातून १९८५ मध्ये २२ शाळा निघाल्या. पुढे ही संख्या हजारोंवर गेली.

शाळा म्हणजे गावातलीच भाड्याची एक खोली, कुडाच्या भिंती, वर पत्रा. एका वर्गात तीसेक मुले, त्यांत साधारण ७० टक्के मुली. कधीच शाळेत न गेलेली किंवा शाळा सुटलेली मुले आधी घ्यायची. शिकवणारी बाई त्याच गावची, बहुतेक वेळा लग्न झालेली. तीच बाई त्या मुलांना शेवटपर्यंत शिकवते. शाळेची वेळ पालकांना विचारून ठरते, त्यामुळे शेतीची आणि घरची कामे सांभाळून मुलगी येऊ शकते. पाटी-पुस्तकांचा खर्च घरावर पडत नसे. बाई ओळखीची आणि शाळा हाकेच्या अंतरावर असल्याने आईवडिलांची निम्मी काळजी तिथेच मिटते.

माध्यमिक शाळेसाठी वजिफा

पण लग्नाचा धोका खरा वाढतो तो प्राथमिक शाळा संपल्यावर. यासाठी सरकारने १९९४ पासून खेड्यांतल्या सहावी ते दहावीच्या मुलींना देशभर वजिफा सुरू केला. अटी तीन होत्या: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण, आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत लग्न करायचे नाही. फीही माफ होती. मान्यताप्राप्त मदरशांतल्या मुलींनाही याचा लाभ मिळाला आणि तिथेही मुलींची संख्या वाढली. पुढे माध्यमिक शाळांत मुलींनी मुलांची बरोबरी केली, नंतर त्यांना मागेही टाकले.

जे अजून साधले नाही

तरीही बालविवाह संपलेले नाहीत. २०१९ च्या पाहणीनुसार तिथल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ५१ टक्के जणींचे लग्न १८ च्या आत झाले होते. कायद्याने मुलीचे वय १८ हवे, पण २०१७ च्या कायद्यात ‘विशेष परिस्थिती’ची पळवाट ठेवली आहे. म्हणजे शाळेने मुलीला काही वर्षे मिळतात. हुंडा घेणारे आणि कोवळ्या वयात निकाह लावणारे मात्र समाजालाच थांबवावे लागतात.

आपल्यासाठी धडा

आपल्याकडे शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतच आहे. अनेक गावांत उर्दू शाळाही सातवी-आठवीला संपते. नेमक्या याच वळणावर मुलगी घरी बसते. म्हणून गावच्या जमातीने दरवर्षी एक यादी करावी: यंदा सातवी-आठवी झालेल्या मुली कोण, आणि जूनमध्ये त्या कुठे जाणार? वाट लांब असेल तर चार-पाच जणींना एकत्र पाठवावे. महाराष्ट्रात शाळकरी मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो काढून द्यावा. शिकलेल्या एखाद्या सुनेने संध्याकाळी मोहल्ल्यात शिकवणी घेतली तरी मागे पडलेली मुलगी टिकते. आणि कुठे लहान मुलीचे लग्न ठरत असेल, तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो.

मुलगी शाळेत असेपर्यंत ‘अजून शिकतेय’ हे उत्तर आईवडिलांच्या हाती असते. ते उत्तर त्यांच्याकडे राहील, एवढी सोय गाव करू शकते.