कुटुंबवैद्यक

रुग्णाचे वय, लिंग किंवा आजार कोणताही असो, त्याला पहिल्यांदा तपासणारी आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच्या व कुटुंबाच्या प्रकृतीकडे लक्ष ठेवणारी वैद्यकशाखा. प्राथमिक आरोग्यसेवेचा ती गाभा आहे. या शाखेच्या चिकित्सकास व्यवहारात ‘फॅमिली डॉक्टर’ म्हणतात.

महत्त्व : अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बार्बरा स्टारफील्ड यांनी प्राथमिक सेवेची चार लक्षणे सांगितली : प्रथम संपर्क, सातत्य, सर्वसमावेशकता आणि समन्वय. यांतील सातत्य निदानालाही उपयोगी पडते. दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी पुष्कळदा सुरुवातीच्या, संदिग्ध अवस्थेत असतात. रुग्ण पुन्हा येणार याची खात्री असल्यास डॉक्टर लगेच तपासण्या न सांगता दोन दिवस वाट पाहू शकतो. मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन विकारांत डॉक्टर व रुग्णाची ही जुनी ओळख अधिकच मोलाची ठरते.

इतिहास : ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व नागरिकांची नोंदणी ठरावीक डॉक्टरकडे होऊ लागली. अमेरिकेत १९६९ मध्ये या शाखेस स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळाला. भारतात भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना पुढे आली व १९५२ पासून ती उभी राहू लागली. सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी व आदिवासी भागांत २०,००० लोकसंख्येस एक केंद्र, असा निकष आहे. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० च्या दशकात जामखेड येथे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक सेवेस जागतिक मान्यता दिली.

आव्हाने : भावी डॉक्टरांचे शिक्षण मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत, विशेषज्ञांच्या हाताखाली होते, त्यामुळे या शाखेकडे ओढा कमी राहतो. सरकारी केंद्रात बाह्यरुग्ण तपासणीबरोबर राष्ट्रीय कार्यक्रम, अहवाल व शवविच्छेदन यांचाही भार वैद्यकीय अधिकाऱ्यावर असतो आणि बदली झाली की ओळख तुटते. शहरांत रुग्ण थेट विशेषज्ञ गाठतो; समन्वय कोणाकडेच राहत नाही. खासगी दवाखान्यात फी भेटीपुरती मिळते; समजावण्याच्या वेळेचा मोबदला वेगळा नसतो. २०१८ ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयातील भरतीचा खर्च उचलते. वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडल्याप्रमाणे, जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी पोहोचते.

सद्यःस्थिती : २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करून तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. कुटुंबाची ठरावीक डॉक्टरकडे नोंदणी मात्र देशात सार्वत्रिक नाही. कामगार राज्य विमा योजनेसारख्या मोजक्या व्यवस्थांत विमाधारक ठरावीक दवाखान्याशी वा डॉक्टरशी जोडलेला असतो.