मारिया तेरेसाचा थेलर आणि मुंबईची टाकसाळ

जुन्या घराण्याच्या देव्हाऱ्यात अथवा देवस्थानच्या पेटीत चार जुनी नाणी हाती लागली, की आपण प्रथम त्यांवरील नाव व सन वाचतो आणि नाण्याचे वय तेथेच निश्चित झाले असे मानून मोकळे होतो. हा समज फसवा आहे. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेली प्रत्येक तांब्याची शिवराई शिवकालीन असे समजणारे पुष्कळ आहेत. परंतु महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही, ती त्याच अक्षरांनी पाडली जात होती. कंपनी सरकारनेही हीच वाट धरली. मुंबईच्या टाकसाळीतून निघालेल्या ‘सुरत’ रुपयांवर बादशहा शाह आलम याचे ४६ वे राज्यवर्ष कोरलेले असे, आणि बादशहा १८०६ साली निवर्तल्यावरही ते तसेच राहिले.

या प्रकारातील सर्वांत विलक्षण नाणे मात्र परदेशीय आहे, आणि त्याच्या इतिहासाचे एक पान मुंबईत लिहिले गेले, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजी मृत्यू पावली. तिची मुद्रा असलेला रुप्याचा थेलर तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर इतका विश्वासपात्र ठरला होता, की नव्या राजाचे नाणे तेथील व्यापारी हाती धरीनात. म्हणून १७८० हाच सन कायम ठेवून तेच नाणे पुढे पाडण्यात येऊ लागले. मोख्याच्या कॉफीच्या व्यापारातून ते अरबस्तानात आणि हबसाणात पसरले. त्यातील बरेचसे रुपे पश्चिम हिंदुस्थानात येऊन येथल्या मुशीत वितळले. तिकडील गिऱ्हाईक मोठे चोखंदळ. राणीच्या खांद्यावरील पदकाचे मोती स्पष्ट मोजता आले पाहिजेत, नाणे फार गुळगुळीत झालेले नको, असा त्याचा हट्ट. १८६७-६८ साली नेपियरची फौज मुंबईहून हबसाणात उतरली, तेव्हा तिच्या खर्चासाठी इंग्रजांना व्हिएन्नाहून मुद्दाम हे थेलर पाडून घ्यावे लागले! आपला राणीछाप रुपया तेथे चालेना.

वादाला खरे तोंड फुटले ते १९३५ साली. हबसाणावर स्वारी करू पाहणाऱ्या मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून या नाण्याचे ठसे व पंचवीस वर्षांचा हक्क मिळविला, आणि थेलर रोममध्ये पडू लागले. त्यामुळे लंडनच्या व्यापाऱ्यांची अडचण झाली. तेव्हा लंडनच्या टाकसाळीने स्वतःच ठसे कोरून १९३६ पासून तेच नाणे पाडावयास घेतले; ज्या साम्राज्याचे ते नाणे, ते साम्राज्यच आता उरलेले नाही, मग मज्जाव कोणाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पॅरिस आणि ब्रसेल्सही या पंगतीत बसली. पुढे महायुद्धात पूर्व आफ्रिकेत इटलीविरुद्ध मोहीम सुरू झाली, आणि १९४०-४१ साली आपल्या मुंबईच्या टाकसाळीतून ऑस्ट्रियाच्या राणीचे, १७८० सनाचे थेलर बाहेर पडले. मुंबईचे नाव त्यांवर कोठेही नाही. राणीच्या मुखवट्याखाली असलेली दोन अक्षरे गुन्त्सबुर्ग येथील टाकसाळीच्या शोब्ल व फाबी या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. मागील बाजूस दुतोंडी गरुड आणि कडेवर ‘न्याय व दया’ या अर्थाची लॅटिन अक्षरे, तीही जशीच्या तशी.

मग संग्राहकाने ओळखावे कसे? वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात सहा भागांपैकी पाच भाग रुपे; हे प्रमाण सर्वत्र सारखेच, म्हणून तराजू येथे निरुपयोगी. गरुडाच्या शेपटीची पिसे, पदकाचे मोती, सनापुढील तिरप्या फुलीचे वळण, अक्षरांमधील ठिपके अशा बारीकसारीक खुणांवरून वाल्टर हाफ्नर आदी अभ्यासकांनी प्रकार लावले आहेत. तरीही एका टाकसाळीचे ठसे दुसरीने अनुसरल्यामुळे कित्येक नाण्यांचे जन्मस्थान वादग्रस्त राहते. ‘दुर्मिळ, अस्सल १७८०’ म्हणून भरमसाट किंमत सांगणाऱ्या विक्रेत्याच्या नाण्याकडे म्हणूनच भिंगातून पाहावे.

प्रस्तुत लेखकाच्या मते मुंबईच्या थेलरला खोटे नाणे म्हणणे अन्यायाचे आहे. रुपे पुरे, वजन पुरे, पाडणारी टाकसाळ सरकारी; खोटा आहे तो फक्त सन, आणि त्या सनानेही घेणाऱ्याची कवडीची फसवणूक केली नाही. एडन, झांजिबार, मस्कत येथे चाकरीस गेलेल्यांच्या घरी असा एखादा थेलर असणे अगदी शक्य आहे. तो असल्यास चिंच लावून घासू नये; झिलई आणण्याच्या नादात ती पिसे आणि तो मोत्यांचा पदर झिजतो, आणि मग नाणे मुंबईचे की रोमचे, हे सांगावयास काहीच उरत नाही. नाणे कोणी, कोठून आणले याची घरात आठवण असेल, तर ती चिठीवर लिहून नाण्यासोबत ठेवावी.

लंडनने १९६० नंतर हे काम थांबविले. व्हिएन्नाच्या टाकसाळीत मात्र तो थेलर अजूनही पडतो, आणि त्यावर सन असतो १७८०.