‘राइट’ या शब्दाचे जपानी भाषांतर

इंग्रजी ‘राइट’ हा शब्द वरकरणी साधा असला, तरी त्याच्या पोटात अनेक अर्थ आहेत. सरळ, बरोबर, न्याय्य हे त्याचे विशेषणरूप अर्थ होत. आणि ज्यावर माणसाने न्यायाने दावा सांगावा तो हक्क, हा त्याचा नामरूप अर्थ होय. संस्कृत ‘ऋजु’ आणि ‘राइट’ यांचा धातू मुळात एकच आहे. जर्मन ‘रेख्त’ व फ्रेंच ‘द्रुआ’ या शब्दांतही सरळपणा, न्याय आणि हक्क या कल्पना अशाच गुंतलेल्या आहेत. त्यामुळे ‘हा माझा राइट आहे’ असे म्हणणाऱ्यास आपली मागणी योग्य असल्याचे निराळे सांगावे लागत नाही. ती सूचना शब्दातच असते. एकोणिसाव्या शतकात हा शब्द जपानीत आणताना हे अर्थ एकत्र राहू शकले नाहीत. त्यांपैकी कोणता टिकला व कोणता गळला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या अडचणीची स्पष्ट जाणीव फुकुझावा युकिची (१८३५–१९०१) याला होती. पाश्चात्त्य देशांची माहिती देणाऱ्या ‘सेइयो जिजो’ या ग्रंथाच्या १८७० मधील दुसऱ्या भागात ‘लिबर्टी’ व ‘राइट’ या दोन शब्दांना नेमका प्रतिशब्द सापडत नाही, असे त्याने प्रारंभीच नमूद केले. ‘राइट’चा मूळ अर्थ सचोटी वा सरळपणा, त्यावरून न्यायाने मागता येण्याजोगी गोष्ट, एखादी कृती करण्याची मुभा, आणि स्वाभाविकपणे आपल्या मालकीची असलेली वस्तू, असे अर्थ त्याने क्रमाने उलगडून दाखविले. प्रतिशब्द म्हणून त्याने ‘त्सूगि’ हा शब्द घेतला. ‘त्सू’ म्हणजे सर्वत्र लागू असणारे आणि ‘गि’ म्हणजे न्याय, नीती. न्यायाचा अर्थ राखण्याचा हा जाणीवपूर्वक प्रयत्न होता.

रूढ झाला तो मात्र ‘केन्री’ हा शब्द. त्याचा मार्ग चीनमधून आला. अमेरिकन मिशनरी विल्यम मार्टिन याने हेन्री व्हीटनच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर १८६४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी ते जपानमध्ये पुनर्मुद्रित झाले. फ्रेंच कायदेसंहितांचे भाषांतर करणारा मित्सुकुरी रिन्शो याने आपण हा शब्द त्याच ग्रंथातून उचलल्याचे पुढे सांगितले आहे. शब्द नवा नव्हता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ श्युन्झी याच्या लेखनातही ही दोन अक्षरे जोडीने येतात. परंतु तेथे त्यांचा अर्थ ‘सत्ता आणि लाभ’ असा आहे, आणि सज्जनाने ज्यांच्यापुढे वाकू नये अशा गोष्टींत त्यांची गणना होते. ही विसंगती मार्टिनलाही जाणवली होती. १८७७ मधील दुसऱ्या एका भाषांतराच्या प्रास्ताविकात त्याने असा खुलासा केला, की येथे या अक्षराने केवळ अधिकाऱ्याची सत्ता नव्हे, तर सामान्य माणसाला न्यायाने मिळावयाचा वाटाही समजावा. मराठीतील ‘अधिकार’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. त्यामुळे ही अडचण आपणांस परकी वाटू नये.

फुकुझावाने ‘गाकुमोन नो सुसुमे’ या पुस्तकमालेच्या १८७३ मधील दुसऱ्या भागात आणखी एक उपाय योजला. धनिक व दरिद्री, बलिष्ठ व दुर्बल यांच्या स्थितीत कितीही अंतर असो, आपला जीव, वित्त व प्रतिष्ठा जपण्याच्या बाबतीत सर्व समान आहेत, हे सांगताना त्याने ‘केन्री-त्सूगि’ असा जोडशब्द वापरला. त्यातील ‘रि’साठी त्याने ‘लाभ’ या अर्थाचे अक्षर न घेता ‘तत्त्व, विवेक’ या अर्थाचे अक्षर घेतले. दुर्दैवाने दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच. हा भेद डोळ्यांना दिसे, पण कानाला ऐकू येत नसे. सभेत बोललेल्या ‘केन्री’तून विवेक की लाभ, हे श्रोत्याला कळण्याचा मार्ग नव्हता. १८८९ च्या राज्यघटनेत प्रजेच्या हक्कांचे प्रकरण आले, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘लाभ’वाचक अक्षरच कायम झाले.

यानाबु आकिरा यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात या भाषांतराने ‘राइट’मधील न्यायाचा अंश हरवला आणि बळाचा अंश वाढला, असे प्रतिपादन केले आहे. हे मत साधार आहे. १८७४ पासून वाढलेल्या लोकहक्क चळवळीचे ‘मिन्केन’ (लोकांचे ‘केन’) आणि त्याच्या जोडीला येणारे ‘कोक्केन’ (राष्ट्राचे ‘केन’) हे शब्द एकाच साच्याचे होते. परिणामी हक्काचा प्रश्न हा न्यायाचा न राहता, सत्ता कोणाकडे किती, असा वाटणीचा होऊन बसला.

तथापि याची दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. लोकांना ‘केन’ असते म्हणजे काय, असा प्रश्न मित्सुकुरीच्या भाषांतरावर सरकारी बैठकीतच उपस्थित झाला होता. राज्यकर्त्यांचे म्हणून ओळखले जाणारे अक्षर प्रजेच्या नावापुढे बसताच ते खटकले, आणि या खटकण्यातच त्याचे सामर्थ्य होते. ‘त्सूगि’ कोणाला खटकला नसता; पण त्या शब्दाभोवती चळवळही उभी राहिली असती की नाही, याची शंका वाटते. अनेकार्थी शब्दाचे भाषांतर म्हणजे त्याच्या अर्थांपैकी एकाची निवड होय. ती निवड कोशात नोंदली जाते. तिची किंमत मात्र त्या शब्दाने भांडणाऱ्या पिढ्यांना द्यावी लागते.