मदरबोर्डच्या खाचांत दडलेला इतिहास

१/ गेल्या महिन्यात धाकट्या भावासाठी गेमिंग संगणक जुळवायचा ठरला. ग्राफिक्स कार्डावर आठवडाभर खल झाला. मदरबोर्डची पाळी आली तेव्हा त्याने विचारले, "ताई, एएमडीचा प्रोसेसर इंटेलच्या बोर्डावर का बसत नाही?" दुकानदार म्हणाला, "सॉकेट वेगळं असतं." हे वर्णन झाले, कारण नव्हे. कारण इतिहासात आहे. म्हणून हा #थ्रेड.

२/ बोर्डावरची सॉकेट, स्लॉट आणि पोर्ट केवळ अभियंत्यांच्या सोयीने ठरलेली नाहीत. कोणाचा भाग कोणाच्या भागाला जोडता यावा आणि त्याची परवानगी कोणाकडे असावी, यावरून पन्नास वर्षे झगडे झाले. त्यांचे निकाल या बोर्डावर उमटले आहेत. ते वाचता आले, तर बोर्ड निवडणेही सोपे जाते.

३/ आरंभ १९७५ मध्ये. अमेरिकेतील अल्बुकर्की येथील एमआयटीएस या लहान कंपनीने 'अल्टेअर ८८००' बाजारात आणला. त्यात आजच्या अर्थाचा मदरबोर्ड नव्हता. प्रोसेसर एका कार्डावर, मेमरी दुसऱ्या कार्डावर आणि सर्व कार्डांना १०० पिनांची एकच जोडणी. लवकरच इतर कंपन्याही त्या जोडणीत बसणारी कार्डे विकू लागल्या. मालक एड रॉबर्ट्स यांना ते रुचले नाही. पण जोडणी सर्वांना ठाऊक झाली होती. पुढच्या प्रत्येक झगड्याचे बीज येथे आहे.

४/ १९७७ च्या 'ॲपल टू'मध्ये मुख्य मंडल एकाच बोर्डावर आले आणि त्यावर आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्स यांच्या मते दोन पुरेसे होते. स्टीव्ह वॉझ्निअॅक आठांवर अडून राहिले. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मात्र एकही स्लॉट नव्हता. खोका उघडा ठेवावा की बंद, हा वाद इतका जुना आहे.

५/ ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे एका छोट्या गटाने तो सुमारे वर्षभरात घडवला होता. घाईमुळे बहुतेक भाग बाजारातून उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८. बोर्डावर पाच स्लॉट होते. इतरांना कार्डे बनवता यावीत म्हणून आयबीएमने तांत्रिक पुस्तिका छापली आणि तीत मंडलांचे आराखडे दिले. बायोसचा संकेतही छापला. मात्र त्यावर कॉपीराइट राखला. किल्ल्याला उरलेला दरवाजा तो एवढाच.

६/ कॉम्पॅकने तो दरवाजा कायदेशीर मार्गाने उघडला. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काम करतो याचे टिपण तयार केले. मूळ संकेत कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणावरून नवा बायोस लिहिला. १९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने असाच बायोस मागेल त्याला विकायला काढला. आता कोणीही 'आयबीएमसारखा' संगणक बनवू शकत होता.

७/ त्याच वर्षी आयबीएमचा 'पीसी एटी' आला. त्यातला स्लॉट १६ बिटांचा आणि लांब होता. पण जुनी कार्डे त्याच्या पुढच्या भागात बसत. इतर उत्पादकांनी या यंत्राच्या बोर्डाची मापे, अगदी स्क्रूंच्या छिद्रांच्या जागांसह, उचलली. त्यामुळे कॅबिनेट एकाचे, बोर्ड दुसऱ्याचा, कार्ड तिसऱ्याचे असा संगणक जुळवता येऊ लागला. आपण ज्याला 'असेंबल्ड' म्हणतो, त्याची ही जन्मवेळ.

८/ बाजार हातातून निसटत असल्याचे आयबीएमला दिसत होते. १९८७ मध्ये तिने 'पीएस/२' मालिका आणली आणि तिच्यातील वरच्या यंत्रांत 'मायक्रो चॅनल' ही नवी बस दिली. (बस म्हणजे भागाभागांत संकेतांची ने-आण करणारा सामाईक मार्ग.) ती जुनीपेक्षा निश्चित सरस होती. पण तिच्यात जुनी कार्डे बसत नव्हती आणि ती वापरायची तर आयबीएमला परवाना शुल्क द्यावे लागणार होते.

९/ सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी 'इसा' (ईआयएसए) ही स्वतःची बस जाहीर केली. तिचा स्लॉट दुमजली होता: जुने कार्ड वरच्या थरापर्यंत बसे, नवे खालपर्यंत जाई. 'इसा' पुढे मुख्यतः सर्व्हरांपुरतीच उरली; पण मायक्रो चॅनलही बाजाराची सत्ता मिळवू शकली नाही. सरस तंत्रज्ञान हरले, कारण त्याने मागचे दोर कापले होते.

१०/ त्या पराभवाचा एक अवशेष आजही सापडतो. अनेक गेमिंग बोर्डांच्या मागच्या बाजूला की-बोर्ड वा माऊससाठी एक लहान गोल पोर्ट असते. तिचे नाव 'पीएस/२'. मालिका गेली, बस गेली. गोल भोक मात्र उरले.

११/ आयबीएमची मोकळी झालेली गादी इंटेलने घेतली. १९९२ मध्ये पीसीआय बस आली. ग्राफिक्सची भूक वाढली तेव्हा १९९७ च्या सुमारास एजीपी आणि २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसचे स्लॉट बोर्डांवर आले. १९८८ चा धडा येथे पाळलेला दिसतो: पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या पिढीचे कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्येही चालते, फक्त कमी वेगाने.

१२/ १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे बोर्डाच्या आकाराचे मानक दिले: ३०५ × २४४ मिमी. आधीच्या एटी बोर्डांना वीज देणारे दोन सारखे दिसणारे प्लग असत. काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून ठेवायच्या, हा मंत्र तंत्रज्ञ घोकत. अदलाबदल झाली की बोर्ड जळण्याची भीती. एटीएक्सने एकाच बाजूने बसणारा एकच प्लग दिला. पुढे १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स (२४४ × २४४) आणि २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीचा मिनी-आयटीएक्स (१७० × १७०) आला.

१३/ गंमत पाहा. २००४ मध्ये खुद्द इंटेलने हवेच्या प्रवाहाचा चांगला विचार केलेला 'बीटीएक्स' हा आकार आणला आणि दोनच वर्षांत तो सोडूनही दिला. कॅबिनेटे, एसएमपीएस आणि बोर्ड बनवणाऱ्या असंख्य कारखान्यांनी स्वीकारलेले मानक त्याच्या जन्मदात्यालाही मोडता येईना. यांतले कितीतरी कारखाने तैवानी कंपन्यांचे होते. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, एसस १९८९ ची. इंटेलने स्वतःच्या डेस्कटॉप बोर्डांचा व्यवसाय आवरता घेत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. या कंपन्या आजही दुकानात समोर दिसतात.

१४/ आता भावाच्या प्रश्नाकडे. एक काळ असा होता की हा प्रश्न पडलाच नसता. १९९० च्या दशकाच्या मध्यात 'सॉकेट ७' नावाच्या एकाच सॉकेटमध्ये इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचा ६x८६ हे तिन्ही बसत. बोर्डाने त्या प्रोसेसरला लागणारा व्होल्टेज दिला, जंपर नीट लावले आणि बायोसने त्याला ओळखले, की काम झाले. बोर्ड तोच ठेवून ग्राहक कंपनी बदलू शकत होता.

१५/ मे १९९७ मध्ये इंटेलचा पेंटियम टू आला. तो सॉकेटमध्ये नव्हे, एका लांबट काडतुसात बसवलेला होता आणि 'स्लॉट १' मध्ये उभा खोचायचा होता. याला तांत्रिक कारण होते: कॅशच्या वेगळ्या चिपा प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवायच्या होत्या. पण परिणाम व्यापारीही झाला. नवी बस पेटंटांच्या कुंपणात होती. प्रतिस्पर्ध्यांना आत येता येईना.

१६/ एएमडीने आधी जुनेच घर डागडुजी करून वापरले: १९९८ चे 'सुपर सॉकेट ७', म्हणजे १०० मेगाहर्ट्झची बस आणि एजीपीची जोड. मग १९९९ मध्ये ॲथलॉनसाठी 'स्लॉट ए'. त्याचा कनेक्टर इंटेलच्या स्लॉट १ सारखाच, फक्त उलटा फिरवून बसवलेला. विजेच्या दृष्टीने मात्र दोन्ही पूर्ण भिन्न. ॲथलॉनची बस डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरकडून घेतली होती. दारे सारखी दिसत होती, घरे वेगळी झाली होती.

१७/ २००० च्या सुमारास कॅश प्रोसेसरच्या चिपेतच सामावली आणि दोन्ही कंपन्या पुन्हा सॉकेटकडे वळल्या. स्लॉटचे तांत्रिक कारण संपले, फाळणी राहिली. म्हणून, बाळा, तुझा प्रोसेसर त्या बोर्डावर बसत नाही. आज बोर्ड निवडताना पहिला प्रश्न 'इंटेल की एएमडी' हा असतो, तो १९९७ मुळे.

१८/ मेमरीचा झगडा याच काळातला. इंटेलने रॅम्बस कंपनीच्या आरडीरॅमला पाठिंबा दिला. ती महाग होती आणि तिच्यावर परवाना शुल्क होते. साधी स्वस्त मेमरी चालावी म्हणून इंटेलने ८२० चिपसेटला एक दुभाषी चिप जोडली. तिच्यात दोष निघाला आणि मे २००० मध्ये ते बोर्ड परत घ्यावे लागले. शेवटी खुल्या मानकाची डीडीआर जिंकली. आपण आज डीडीआर४ की डीडीआर५ असे विचारतो, ते त्या विजयाचे वंशज. दोघींच्या खाचा वेगळ्या आहेत; एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

१९/ आमच्या घरातला पहिला संगणक मी शाळेत असताना एके दिवशी सुरूच होईना. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी बोर्ड दाखवला: छोटे पिंपासारखे कपॅसिटर माथ्यावर फुगले होते. वडील गप्प बसले. कर्जाचे हप्ते अजून चालू होते. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर असंख्य बोर्ड असेच गेले. सदोष विद्युतद्रव असलेले स्वस्त कपॅसिटर वापरले गेले होते. त्यानंतर बोर्डांच्या खोक्यांवर 'सॉलिड कपॅसिटर' ही अक्षरे ठळक झाली. जाहिरातीतल्या त्या दोन शब्दांमागे इतक्या घरांचे नुकसान आहे.

२०/ यानंतरचा बदल शांतपणे झाला. पूर्वी मेमरीचे नियंत्रण बोर्डावरच्या चिपसेटकडे असे, म्हणून एकच प्रोसेसर दोन बोर्डांवर वेगवेगळ्या वेगाने चाले. एएमडीने २००३ मध्ये ॲथलॉन ६४ सोबत आणि इंटेलने २००८ मध्ये कोअर आय७ सोबत ते नियंत्रण प्रोसेसरमध्येच नेले. म्हणून आज महागडा बोर्ड घेतल्याने गेम फारसा वेगाने चालत नाही. बोर्डाकडून मिळते ती जोडण्यांची संख्या, विजेचा स्थिर पुरवठा आणि पुढे प्रोसेसर बदलण्याची मुभा.

२१/ ही मुभा कोण देतो? दोन प्रसंग. २०१७ च्या अखेरीस इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आले. सॉकेटचे नाव तेच, एलजीए ११५१. तरी आधीच्या बोर्डांवर ते अधिकृतपणे चालत नव्हते. मे २०२० मध्ये एएमडीनेही एएम४ च्या ४०० मालिकेतील बोर्डांना पुढचे प्रोसेसर चालणार नाहीत असे सांगितले. बायोसच्या चिपेत जागा अपुरी असल्याचे कारण दिले. ग्राहकांनी गदारोळ केला. दोन आठवड्यांच्या आत कंपनीने निर्णय फिरवला. १९८८ मध्ये नऊ कंपन्यांनी जे केले, ते या वेळी सामान्य ग्राहकांनी केले.

२२/ तर निवडीचा क्रम असा. आधी प्रोसेसर ठरवा. सॉकेट त्यातून ठरते. मग ते सॉकेट किती वर्षे चालवण्याचे कंपनीने जाहीर केले आहे ते पाहा. निर्मात्याच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची प्रोसेसर-यादी आणि त्यासाठी लागणारी बायोसची आवृत्ती तपासा. मेमरीची पिढी, कॅबिनेटचा आकार, एम.२ स्लॉटांची संख्या बघा. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग (व्हीआरएम) त्याच्या भाराला पुरेसा आहे ना, हे परीक्षणांत वाचा. रंगीत दिवे सगळ्यांत शेवटी.

२३/ भावासाठी आम्ही मधल्या किमतीचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात गेले. प्लग बसवताना त्याचा हात थरथरत होता. मी म्हटले, "घाबरू नकोस, तो चुकीच्या बाजूने बसतच नाही." ही निर्धास्ती १९९५ मध्ये कोणीतरी विचारपूर्वक त्या प्लगमध्ये घातली आहे. आणि दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर येथे बसत नाही, ही अडचणसुद्धा कोणीतरी घातलेलीच आहे. पुढची खाच कोणती असावी हे ठरेल, तेव्हा आपण गप्प न राहिलेले बरे.

२४/ घरातल्या माळ्यावर जुना बोर्ड पडला असेल तर भंगारात देण्याआधी त्याचे छायाचित्र येथे टाका. स्लॉट मोजू, सॉकेट ओळखू, त्याचे साल शोधू. वस्तूसुद्धा दस्तऐवजच असते. #समाप्त