कार्तिकातला कोट

दिवाळीची सुटी संपून न्यायालये उघडली की आम्ही खुंटीवरचा काळा कोट अंगावर चढवितो आणि दरवर्षी तोच अनुभव येतो : आषाढात सहज लागणारे मधले बटण कार्तिकात लागत नाही. बाररूममधले स्नेही म्हणतात, सणासुदीचे दिवस, चालायचेच. म्हणजे आरोपी सण, आणि तो गैरहजर असतानाच दोषी! हा निकाल आम्हांस मान्य नाही. सण आमच्या पणजोबांच्या घरीही होत, आणि त्यांत हात आखडता घेतला जात नसे. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मांडे, वडे, इडरिका यांचे जे रसभरित वर्णन आहे, ते काही अर्धपोटी राहणाऱ्या समाजाचे नव्हे.

परंतु जुन्या पंचांगाकडे हिशेबाची वही म्हणून पाहावे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास. वर्षाऋतूत जठराग्नी मंदावतो, हेमंतात तो प्रदीप्त होऊन जड व स्निग्ध अन्नही पचवितो, असे वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील ऋतुचर्या सांगते. व्रते दाटीने येतात ती पावसाळ्यात, आणि दिवाळीचा फराळ येतो तो हेमंताच्या उंबरठ्यावर. चातुर्मासातही गोडधोड असते. तथापि त्याच्या शेजारी खर्चाची बाजू लिहिलेली असते. भाद्रपदाचेच तीन दिवस घ्या. तृतीयेस हरितालिकेचा उपवास, चतुर्थीस मोदक आणि पंचमीस, ऋषिपंचमी म्हणून, बैलाच्या श्रमाचे काहीच खायचे नाही. (या हिशेबात मोदक मुख्यतः पुरुषांच्या खाती आणि दोन्ही बाजूंचे उपवास मुख्यतः स्त्रियांच्या खाती पडले, ही वाटणी कोणत्याही न्यायासनापुढे टिकली नसती. असो.)

शिवाय खाणाऱ्याचे हातपाय हलत असत. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग करून, पायाखाली कडू कारीट फोडून घरातील मंडळी फोवांना बसतात : दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले, गोड, तिखट. एकेकाळी ते भात भिजवून, भाजून, घरच्या उखळात कांडावे लागत. आता ते पिशवीतून येतात, आणि आम्ही ते खाऊन आरामखुर्चीत पडतो.

तरीही आमच्या मते खरी गोम श्रमांत नाही, उपवासात आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसत म्हणतो. तिच्यामागे दर्यावर्दी इतिहास आहे आणि कायद्याची एक पळवाटही आहे.

आधी पळवाट. व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी परंपरेने सांगितल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. वकिली करता करता ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी पाचव्या खंडात व्रतांचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, तो वाचताना ही सारी रचना संयमासाठी आहे हे पानोपानी जाणवते. या आठ गोष्टी म्हणजे अशक्तासाठी ठेवलेला अपवाद. अपवादाचा अर्थ नियमच गिळून टाकील इतका सैल लावू नये, हे आमच्या धंद्यातील उमेदवारही जाणतो. पण ‘मूळ’ या दोन अक्षरांच्या दारातून पुढे काय काय आत शिरले!

इसवी सन १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यानंतर त्यांच्या जलमार्गांनी अमेरिका खंडातील वनस्पती आपल्या किनाऱ्यास लागल्या. बटाटा हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला. रताळे तिकडचे, भुईमूग तिकडचा, मिरचीही तिकडचीच. साबुदाण्याची कथा तर दुहेरी. मूळचा साबुदाणा मलायाकडील सागो ताडाच्या खोडातील गर, म्हणजे ‘मूळ’ नव्हेच! पुढे ब्राझीलच्या कसावा कंदापासून तो होऊ लागला. त्रावणकोरात विशाखम् तिरुनाळ महाराजांनी (१८८०–८५) या कंदाच्या लागवडीस उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला तेव्हा सेलमच्या आसपास साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले. एवंच, उपवासाच्या खिचडीतले साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे आणि मिरची हे चारही घटक अमेरिकेचे. आपले काय ते तूप आणि जिरे. ज्या पोर्तुगीज राजवटीत इन्क्विझिशनने १७३६ च्या हुकूमनाम्याने नवख्रिस्त्यांना हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजविण्याचीही मनाई केली, तिच्याच गलबतांनी आमच्या एकादशीचे ताट भरावे, हा इतिहासाचा विनोद आहे.

शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० उष्मांक असतात, आणि तांदळातही जवळजवळ तितकेच. शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक. म्हणजे ज्या दिवशी वहीत खर्च लिहावयाचा त्या दिवशी आम्ही जमाच लिहितो, आणि तीही तुपात परतून.

सणातील वाढ एकदम दिसत नाही, म्हणून ती धूर्त. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९५ प्रौढांची वजने घेतली होती. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या त्यांच्या सणांत सरासरी वाढ अर्ध्या किलोहूनही कमी भरली. परंतु ती पुढील उन्हाळ्यापर्यंत उतरली नाही. दरसाल राहिलेली बाकी चढत गेली की वीस वर्षांनी काय होते, ते आमचा शिंपी सांगेल. चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश दोघांनाही निंद्य म्हटले, पण त्यांतल्या त्यांत कृशता बरी मानली, कारण व्याधी जडली तर ती स्थूलालाच अधिक पीडते.

आमच्या घरी प्रबोधिनी एकादशीस पातेलेभर खिचडी होते. वृद्ध मातोश्री तिला हात लावीत नाहीत. देवळातून येऊन एक पेलाभर दूध आणि एक केळे घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पारणे करतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याजवळ बसून तेवढेच घ्यावयाचे ठरविले. दुपारी तीनपर्यंत निभावले. मग स्वयंपाकघरातून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला.

बटण शिंप्याने अर्धा इंच पुढे लावून दिले आहे.