वेळापत्रकाचे व्याकरण

बसचे वेळापत्रक वरवर पाहता आकड्यांचा तक्ता दिसतो. वस्तुतः तो विधानांचा समूह असतो. कोणती गाडी, कोणत्या मार्गाने, कोणत्या थांब्यावर, कोणत्या दिवशी व किती वाजता, इतके सर्व त्यातील एकेक ओळ सांगते. ही विधाने रचण्याची विद्या दीर्घकाळ आगारातील अनुभवी कारकुनांच्या हाती होती. ती संगणकाकडे कशी गेली आणि तेथून सामान्य बससंस्थेच्या हाती पुन्हा कशी आली, हा इतिहास यंत्राचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक तो एका लिखित संकेतपद्धतीचा आहे.

आरंभीचे प्रयत्न विद्यापीठांत व शासकीय आश्रयाने झाले. 1960 च्या दशकात इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात अँथनी रेन यांनी गाड्यांचे व चालकांचे क्रम संगणकाने लावण्याचे संशोधन सुरू केले. 1970 च्या दशकात अमेरिकेत शासनाच्या प्रोत्साहनाने ‘रुकस’ ही प्रणाली सिद्ध झाली. त्यानंतर कॅनडातील माँट्रिऑल येथून ‘हास्टस’ ही प्रणाली पुढे आली आणि अनेक देशांतील मोठ्या परिवहन संस्थांनी तिचा स्वीकार केला. कमीत कमी गाड्यांत व माणसांत ठरलेल्या फेऱ्या कशा पार पाडाव्यात, हा या सर्वांपुढील प्रश्न होता. त्याचे उत्तर उत्तम मिळाले. परंतु ते तज्ज्ञांच्या हातून व मोठ्या खर्चाने मिळाले. शिवाय प्रत्येक संस्थेची माहिती तिच्या स्वतःच्या साच्यात बंदिस्त राहिली.

या स्थितीला कलाटणी मिळाली ती 2005 मध्ये, अमेरिकेतील पोर्टलंड शहरात. तेथील ट्रायमेट या परिवहन संस्थेतील बिबियाना मॅकह्यू यांना एक विसंगती जाणवली. अनोळखी शहरात मोटारीचा रस्ता संगणकावर क्षणात सापडे, बसचा मात्र सापडत नसे. त्यांनी गूगलशी संपर्क साधला. तेथील अभियंते क्रिस हॅरल्सन यांच्या सहकार्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलंडच्या बसमार्गांचा शोध लोकांस खुला झाला. यातून जी मांडणी जन्मली, ती ‘जीटीएफएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. त्यातील ‘जी’ प्रथम गूगलचा होता. पुढे ‘सर्वसाधारण’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने त्याची जागा घेतली.

या मांडणीचे मर्म तिच्या साधेपणात आहे. संस्था, मार्ग, फेऱ्या, थांबे, थांब्यांवरील वेळा व सेवेचे दिवस यांचे निरनिराळे तक्ते, आणि प्रत्येक तक्ता म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. हिशेबाचे तक्ते करणाऱ्या कारकुनास तो स्वतः लिहिता व दुरुस्त करता यावा, हाच हेतू होता. लहान बससंस्थेला तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

या साधेपणात सूक्ष्म विचारही आहे. मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुटणारी, पण आदल्या दिवसाच्या सेवेतील फेरी येथे 25:30 अशी लिहिली जाते. दिनदर्शिकेचा दिवस बारा वाजता संपला, तरी बसचा दिवस शेवटची गाडी आगारात शिरेपर्यंत संपत नाही. मराठी माणूस ‘शनिवारी रात्री दीडला’ म्हणतो, तेव्हा तोही हाच संकेत पाळत असतो.

तथापि प्रत्येक व्याकरण काही गृहीत धरून चालते. थांबे निश्चित आहेत आणि वेळा नेमलेल्या आहेत, हे या मांडणीचे गृहीत होते. केनियातील नैरोबी शहरात ‘मटाटू’ नावाच्या खाजगी लहान गाड्यांवर बहुसंख्य लोकांचा प्रवास अवलंबून असतो. गाडी भरली की निघते. थांबे रूढीने ठरतात. नैरोबी विद्यापीठ व अमेरिकेतील विद्यापीठे यांच्या संशोधकांनी, विद्यार्थ्यांकरवी प्रत्यक्ष प्रवास करवून, शंभराहून अधिक मार्गांची नोंद केली व 2014 मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी मांडणीला मुरड घालावी लागली. पुढे 2020 मध्ये दोन थांब्यांच्या मध्ये कोठेही चढण्याउतरण्याची मुभा नोंदविण्याचे रकाने मूळ मांडणीत समाविष्ट झाले. महाराष्ट्रातील एसटीच्या प्रवाशांना ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ या शब्दांत जी सोय परिचित आहे, तिला या लेखनात अखेर स्थान मिळाले.

एक उणीव मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. ही मांडणी प्रवाशासाठी रचली गेल्यामुळे तिच्यात फेरी आहे, पण फेरी करणारा चालक नाही. त्याच्या पाळीसाठी पुढे निराळी पूरक रचना करावी लागली. लेखणी संस्थेच्या हाती देणे हे पहिले पाऊल होय. परंतु ज्या गोष्टीसाठी तक्त्यात रकानाच नाही, ती लिहिणाऱ्याला ठाऊक असूनही अलिखित राहते. म्हणून अशा प्रणालीत कोणते रकाने असावेत, हे ठरविताना मटाटूवाल्याचे व चालकाचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध आहे.