फीडबॅकचा रेझिस्टर

दारव्ह्याला माझ्या मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नवरात्र जवळ आलं की तिथे मंडळांच्या अ‍ॅम्प्लिफायरांची रास लागे. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि फीडबॅक संगीताचा जीव घेतो, असं कुठेतरी वाचून आलो होतो. मामाने घरासाठी जोडलेल्या टीडीए 2030च्या बोर्डावरचा 22 किलोओहमचा रेझिस्टर मी एका बाजूने सोडवला. बटण दाबलं. ‘धप्’ आवाज आला, मग स्पीकरमधून धूर. मामा एवढंच म्हणाला, “तो काहून काढला बे? त्याच्याच भरवशावर तर सारं चालू होतं.”

फीडबॅक म्हटलं की आपल्याला मंडपातली माइकची शिट्टी आठवते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, असा वाढत जाणारा. या रेझिस्टरचं काम उलटं. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा छोटा हिस्सा तो मागे आणतो आणि तो आत येणाऱ्या सिग्नलमधून वजा होतो. आउटपुट मूळ सिग्नलपासून जरा भरकटलं, की अ‍ॅम्प्लिफायर ते स्वतःच ओढून आणतो. चिपची ताकद सिग्नल हजारो पट वाढवण्याची. 22 किलोओहम आणि 680 ओहमच्या जोडीने मामा तिच्याकडून जेमतेम 33 पट घेत होता. स्थिर आउटपुट शून्य व्होल्टच्या आसपास ठेवणाराही तोच रेझिस्टर. तो सुटला आणि सप्लायचा डीसी थेट कॉइलमध्ये गेला.

ही उधळपट्टी सुचली ती हॅरॉल्ड ब्लॅकला, 2 ऑगस्ट 1927च्या सकाळी, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता. त्याच्याच पानावर त्याने आकृती काढली. वय 29, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. बेल लॅब्जपुढे अडचण टेलिफोनची होती: लांबच्या लाइनवर एकामागून एक अ‍ॅम्प्लिफायर, आणि प्रत्येकाची विकृती पुढच्यात मिसळत जाणारी. वाढवलेला आवाज मुद्दाम घालवायचा, हे कुणाला पटेना. अमेरिकेत पेटंट मिळायला 1937चा डिसेंबर उजाडला.

घरगुती संगीतात फीडबॅक रुजवला तो डी. टी. एन. विल्यमसनने, 1947 साली ‘वायरलेस वर्ल्ड’मधल्या लेखांतून: 15 वॅट, विकृती 0.1 टक्क्याहून कमी. मग आकडा आणखी खाली आणायची शर्यत लागली. 1970मध्ये मत्ती ओताला यांनी दाखवलं, की अ‍ॅम्प्लिफायर मंद असेल तर तबल्याच्या थापेसारख्या अचानक आवाजाला दुरुस्ती उशिरा पोचते आणि पहिलाच टप्पा कोलमडतो. मी वाचलेल्या मताला इथून बळ मिळालं होतं. पण त्यावरचा इलाज म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर वेगवान करणं. फीडबॅक उपटून टाकणं नव्हे. पीटर बॅक्झंडॉल यांनी 1978मध्ये तर उलटंच निदर्शनाला आणलं: थोडासा फीडबॅक कानाला खुपणारे वरचे हार्मोनिक नव्याने तयार करतो, भरपूर फीडबॅक तेही दाबतो. मला हे पटतं. अर्धवट डोसच वाईट.

मंडपात आवाज फाटतो ती गोष्ट वेगळी. तिथे सप्लायचं व्होल्टेजच संपलेलं असतं. चूक कळूनही अ‍ॅम्प्लिफायरच्या हाती काही उरत नाही. तेव्हा मामा नॉब खाली करायचा आणि मंडळवाल्यांशी भांडायचा.